भविष्यवादी की संदेष्टा? पनवेल, एलियाहू हन्नाबी आणि हवामानबदल

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच पावसात गाढी नदीचे पाणी पनवेल शहरात शिरले आणि महाड तालुक्यातील जुई, दासगाव या गावांवर दरडी कोसळल्या. पुढे २२ जुलै २०२१ रोजी तळिये आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री, पनवेलपासून फारशी दूर नसलेली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. अशा प्रत्येक प्रसंगानंतर एक शब्द हमखास ओठांवर येतो, तो म्हणजे 'जगबुडी'. कोकणात तर या नावाची नदीच खेडजवळून वाहते. धर्मग्रंथांतील अंतकाळाची वचने आणि आजचा बिघडलेला पाऊस यांची सांगड घालण्याचा मोह त्यामुळे आपल्याकडेही होतो. बायबलमधील अंतकाळविषयक वचनांचे असे वाचन करावे काय आणि केल्यास कोणत्या पद्धतीने करावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. त्यासाठी पनवेल हे योग्य ठिकाण आहे, असे आम्हांस वाटते.

पनवेलचे बेथ एल सिनेगॉग १८४९ सालचे. ते उभारणारा बेने इस्रायल समाज त्याच्या किती तरी आधीपासून कुलाबा जिल्ह्यातील गावोगावी घाण्यावर तेल काढीत होता आणि शब्बाथ पाळून शनिवारी काम बंद ठेवीत असल्यामुळे 'शनिवार तेली' म्हणून ओळखला जात होता. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले, त्यातून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, अशी या समाजाची परंपरागत कथा आहे. पेणकर, रोहेकर, केहिमकर, अष्टमकर ही आडनावे त्यांची गावे सांगतात. त्यांची बोली मराठीच. जॉन विल्सन यांनी १८३२ साली हिब्रू व्याकरण मराठीतून लिहिले आणि १८४६ साली मुंबईत वल्हांडणाच्या विधीची 'हगादा' हिब्रू व मराठीत छापली गेली. १९४८ नंतर या समाजातील बहुसंख्य लोक इस्रायलला गेले.

या समाजाच्या भक्तिजीवनात एलियाहू हन्नाबी, म्हणजेच मराठी बायबलमधील एलीया, यांचे स्थान असाधारण आहे. अलिबागजवळच्या खंडाळे येथील खडकावर त्यांच्या रथाच्या खुणा आहेत, अशी श्रद्धा आहे. नवस फेडताना, शुभकार्याच्या वेळी 'मलिदा' होतो. गोड पोहे, खोबरे आणि फळे तबकात मांडून एलियाहूंचे स्मरण केले जाते. हे एलियाहू कोण? राजांच्या पहिल्या ग्रंथात अहाब राजापुढे उभे राहून पाऊस आणि दंव थांबेल असे सांगणारे ते. अवर्षणानंतर समुद्रावर तळहाताएवढा ढग उठला तो त्यांच्याच काळात. आणि मलाखीच्या शेवटच्या अध्यायात परमेश्वराच्या भयंकर दिवसापूर्वी जे परत येणार आहेत, तेही हेच. पावसाचा संदेष्टा आणि अंतकाळाचा अग्रदूत ही दोन्ही रूपे एकाच व्यक्तीच्या ठायी आहेत.

साहित्याच्या अभ्यासकांनी येथे एका भाषिक बाबीकडे लक्ष द्यावे. 'नबी' या हिब्रू शब्दासाठी मराठी ख्रिस्ती वाङ्मयात दोन शब्द वावरताना दिसतात, 'भविष्यवादी' आणि 'संदेष्टा'. पहिल्या शब्दाने पुढे घडणाऱ्या गोष्टींचा जाणकार डोळ्यांपुढे येतो, तर दुसऱ्याने निरोप पोचविणारा. या दोन शब्दांतील अंतर हे वस्तुतः दोन वाङ्मयप्रकारांतील अंतर आहे. दानीएलाच्या उत्तरार्धातील किंवा ख्रिस्ती 'प्रकटीकरणा'तील दृष्टान्तांत काळाचा आराखडा बराचसा ठरलेला दिसतो. यिर्मया, आमोस, योना यांची वचने मात्र सशर्त असतात. चाळीस दिवसांत निनवे उद्ध्वस्त होईल असे योनाने सांगितले. नगर पश्चात्ताप पावले आणि ते उद्ध्वस्त झाले नाही. भाकीत म्हणून पाहिल्यास योना चुकला, संदेश म्हणून पाहिल्यास त्याच्याइतका यशस्वी संदेष्टा दुसरा नाही.

पहिल्या प्रकारच्या वाचनाचा इतिहास उद्बोधक आहे. अमेरिकेत विल्यम मिलर यांच्या अनुयायांनी १८४४ सालच्या एका दिवसाची वाट पाहिली आणि तो दिवस इतर दिवसांसारखाच मावळला. १९७० साली हॅल लिंडसे यांनी आपल्या काळातील राजकारण बायबलच्या वचनांवर बसविले आणि ते पुस्तक प्रचंड खपले. आज पूर, वणवे, दुष्काळ यांना अशाच यादीत घातले जाते. आमचा आक्षेप श्रद्धेला नाही. आक्षेप असा की, या वाचनात आपत्ती केवळ चिन्ह ठरते आणि चिन्हाला कर्ता विचारायचा नसतो. ठरलेल्या गोष्टीचा जाब कोणाला विचारणार?

श्रद्धावंत वाचन मनुष्याला निष्क्रिय करतेच असे मात्र नाही. पंडिता रमाबाईंचे उदाहरण घ्यावे. १८९६-९७ च्या आणि नंतर १९०० च्या दुष्काळात त्यांनी शेकडो अनाथ मुली व स्त्रियांना केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आणले. १९०५ साली तेथे आध्यात्मिक जागृतीची लाट आली. त्या काळातील जागृतीच्या चळवळींत योएलच्या ग्रंथातील शेवटच्या पावसाची प्रतिमा अंतकाळी होणाऱ्या आत्म्याच्या वर्षावासाठी वापरली जात असे. परंतु रमाबाईंच्या केडगावात प्रार्थनेबरोबर विहिरीही खणल्या गेल्या. प्रतिमेतल्या पावसाने खऱ्या पाण्याची चिंता पुसून टाकली नाही.

हवामानशास्त्राचे विधान यांपैकी कोणत्या जातीचे आहे? १९८८ साली स्थापन झालेल्या आंतरशासकीय हवामानबदल मंडळाचे अहवाल एकच भविष्य सांगत नाहीत. उत्सर्जन इतके राहिले तर असे, इतके घटले तर तसे, अशी अनेक भविष्ये ते मांडतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिले की, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. अरबी समुद्रावरून येणाऱ्या मोसमी वाऱ्यांतील चढउतार वाढले आणि बाष्पाचे लोंढे एकदम आत येऊ लागले, हे त्यांनी दिलेले कारण. याला भविष्यवाद म्हणता येणार नाही. हा 'जर-तर'च्या व्याकरणात दिलेला इशारा आहे. खोटा ठरावा म्हणूनच तो दिला जातो. या अर्थाने शास्त्रज्ञ योनाच्या परंपरेत बसतात.

आणि यिर्मयाच्याही. त्याची गुंडाळी यहोयाकीम राजापुढे वाचली जात असता राजाने ती चाकूने कापून शेगडीत टाकली. मग यिर्मयाने तोच मजकूर बारूखाकडून पुन्हा लिहवून घेतला आणि त्यात भर घातली. पश्चिम घाटाविषयी माधव गाडगीळ यांच्या समितीने २०११ साली अहवाल सादर केला, तेव्हा सरकारने तो प्रसिद्ध केला नाही. माहिती अधिकाराची लढाई झाल्यावर २०१२ साली तो लोकांपुढे आला. घाटाचे उतार, जंगल आणि वस्ती यांविषयी निर्णय घेताना स्थानिक ग्रामसभांना विचारावे, असे त्यात सांगितले होते. शेगडी बदलली असेल, प्रसंग ओळखीचा आहे.

पनवेलपुरते बोलायचे तर, त्याच तालुक्यात उलव्याची टेकडी कापली गेली, उलवे नदीचा प्रवाह वळविला गेला, गावे हलविली गेली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. विकास हवा की नको, हा येथे प्रश्न नाही. मात्र येथील जमिनीचे आणि पाण्याचे रूप माणसांनी, कागदावर सह्या करून बदलले आहे. उद्या गाढीला पूर आला तर त्यातील पावसाचा वाटा किती आणि सह्यांचा किती, हे विचारता आले पाहिजे. 'अंतकाळ जवळ आला' असे म्हणताच तो प्रश्न मिटतो.

मलाखीचा समारोप पुन्हा वाचावा. भयंकर दिवसापूर्वी एलियाहू येऊन काय करणार आहेत? तारीख सांगणार नाहीत. ते वडिलांची मने मुलांकडे आणि मुलांची मने वडिलांकडे वळविणार आहेत, कारण तसे न झाल्यास भूमीवर शाप येईल. अंतकाळाच्या या वचनात अट आहे, आणि ती अट दोन पिढ्यांमधील आहे. एका पिढीने जाळलेल्या कोळशाची आणि तेलाची किंमत पुढची पिढी देते, हे हवामानबदलाचे मर्म याहून नेमके सांगता येईल असे आम्हांस वाटत नाही. शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या, संकट टळल्यावर मलिद्याचे तबक मांडणाऱ्या समाजाने कोकणात या संदेष्ट्याची आठवण शतकानुशतके जपली. त्यांच्यासाठी एलियाहू जगबुडीची तारीख सांगणारे नव्हते. संकटातून तरल्यावर ज्यांचे आभार मानावेत असे ते होते. वर्गात ही वचने शिकविताना अध्यापकांनी 'हे खरे ठरेल काय?' या प्रश्नाआधी 'हे कोणाला उद्देशून आहे?' हा प्रश्न विचारावा. त्याचे उत्तर शोधू लागल्यावर विद्यार्थ्यांना आपलेही नाव त्या पत्त्यावर दिसेल.