पश्चिम ऑस्ट्रेलियातील उन्हाळी वेळेचा वाद

पश्चिम ऑस्ट्रेलियातील उन्हाळी वेळेचा वाद हा ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम ऑस्ट्रेलिया या राज्यात उन्हाळ्यात घड्याळे एक तास पुढे करावीत की नाही, याविषयी अनेक दशके चाललेला सार्वजनिक वाद आहे. या प्रश्नावर राज्यात १९७५, १९८४, १९९२ आणि २००९ असे चार वेळा सार्वमत घेण्यात आले. प्रत्येक सार्वमतापूर्वी उन्हाळी वेळ प्रायोगिक तत्त्वावर लागू करण्यात आली होती आणि प्रत्येक वेळी मतदारांनी ती नाकारली. त्यामुळे राज्यात वर्षभर यूटीसी+०८:०० हीच प्रमाणवेळ पाळली जाते. ही वेळ भारतीय प्रमाणवेळेच्या अडीच तास पुढे आहे.

पार्श्वभूमी

राज्याची प्रमाणवेळ १८९५ साली १२०° पूर्व रेखावृत्तावरून निश्चित करण्यात आली. राजधानी पर्थ मात्र सुमारे ११६° पूर्व रेखांशावर आहे. एका अंशामागे चार मिनिटे या हिशेबाने पर्थमधील घड्याळ स्थानिक सौर वेळेपेक्षा सरासरी १६ मिनिटे पुढेच असते. उन्हाळी वेळ लागू केल्यास हे अंतर सव्वा तासाहून अधिक होते.

राज्याचे क्षेत्रफळ सुमारे २५ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या जवळजवळ एक तृतीयांश आहे. सुमारे ३२° दक्षिण अक्षांशावरील पर्थमध्ये उन्हाळ्यातील सर्वांत मोठा दिवस हिवाळ्यातील सर्वांत लहान दिवसापेक्षा सुमारे चार तासांनी मोठा असतो. उष्ण कटिबंधातील किंबर्ली प्रदेशाच्या उत्तर भागात हा फरक साधारण दोन तासांचाच आहे. त्यामुळे ‘वाचवण्याजोगा’ प्रकाश दक्षिणेकडे जास्त, तर उत्तरेकडे कमी मिळतो.

ऑस्ट्रेलियात दोन्ही महायुद्धांच्या काळात केंद्र सरकारने देशभर उन्हाळी वेळ लागू केली होती. शांतताकाळात हा निर्णय राज्यांकडे असतो. न्यू साउथ वेल्समध्ये १९७६ साली आणि दक्षिण ऑस्ट्रेलियामध्ये १९८२ साली झालेल्या सार्वमतांत उन्हाळी वेळेला स्पष्ट बहुमत मिळाले. याउलट क्वीन्सलंडने १९९२ साली ती नाकारली.

समर्थकांची भूमिका

डिसेंबरच्या अखेरीस पर्थमध्ये सूर्योदय पहाटे ५ वाजून १० मिनिटांच्या सुमारास, तर सूर्यास्त सायंकाळी ७ वाजून २० मिनिटांच्या सुमारास होतो. बहुतेक लोक झोपेत असतानाचा पहाटेचा प्रकाश सायंकाळी उपलब्ध झाल्यास कामानंतर खेळ, समुद्रकिनारा आणि कुटुंब यांसाठी अधिक वेळ मिळेल, असे समर्थक म्हणतात. किरकोळ व्यापार आणि पर्यटन यांनाही लाभ होईल, असा त्यांचा दावा असतो.

दुसरा मुद्दा व्यवसायाचा आहे. सिडनी व मेलबर्न ही शहरे पर्थच्या दोन तास पुढे असतात. तेथे उन्हाळी वेळ सुरू झाली की हे अंतर तीन तासांचे होते. परिणामी दोन्हीकडील कार्यालये एकाच वेळी उघडी असण्याचा कालावधी कमी होतो.

विरोधकांची भूमिका

विरोधकांच्या मते, उष्ण प्रदेशात सायंकाळचे ऊन वाढणे ही सोय नसून गैरसोय आहे. घड्याळ पुढे गेल्याने शाळा सुटण्याची वेळ दुपारच्या अधिक तीव्र उन्हात येते आणि ग्रामीण भागातील मुलांना त्याच उन्हात लांबचा बसप्रवास करावा लागतो. शेतकऱ्यांची व पशुपालकांची कामे सूर्यानुसार चालतात, तर बँका, दुकाने व वाहतूक घड्याळानुसार चालतात. घड्याळ बदलल्याने या दोहोंचा मेळ बिघडतो. उजेड असताना लहान मुलांना झोपवणे कठीण जाते, ही पालकांची तक्रार शहरातही ऐकू येते. पहाटेच्या गारव्यात व्यायाम किंवा अंगमेहनतीचे काम करणाऱ्यांचाही विरोध असतो.

वीजबचतीचा मुद्दाही वादग्रस्त राहिला. २००० साली सिडनी ऑलिंपिकसाठी न्यू साउथ वेल्स व व्हिक्टोरिया या राज्यांत उन्हाळी वेळ नेहमीपेक्षा दोन महिने आधी सुरू करण्यात आली. त्या काळातील वीजवापराच्या अभ्यासात सायंकाळी झालेली बचत सकाळच्या वाढीव वापरामुळे भरून निघाल्याचे दिसले.

सार्वमते

विरोधी मतांचे प्रमाण असे होते:

१९७५ – सुमारे ५४ टक्के
१९८४ – सुमारे ५४ टक्के
१९९२ – सुमारे ५३ टक्के
२००९ – सुमारे ५५ टक्के

पहिली तीन सार्वमते प्रत्येकी एका उन्हाळ्याच्या प्रयोगानंतर झाली. चौथ्या वेळी प्रयोग तीन उन्हाळे चालला. यासंबंधीचे विधेयक २००६ साली मॅट बर्नी आणि जॉन डोराझियो या आमदारांनी मांडले होते. ते नोव्हेंबरमध्ये संमत झाले आणि ३ डिसेंबर २००६ रोजी घड्याळे पुढे करण्यात आली. तयारीला मिळालेल्या अल्प मुदतीवर आणि जनमत न घेता प्रयोग सुरू करण्यावर टीका झाली. नॅशनल पक्षाने या निर्णयाला विरोध केला. १६ मे २००९ रोजी मतदान झाले. लोकांना सवय झाली की विरोध मावळेल, अशी समर्थकांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात चारही सार्वमतांपैकी सर्वाधिक विरोध याच वेळी नोंदला गेला.

हा वाद अनेकदा ‘शहर विरुद्ध ग्रामीण भाग’ असा मांडला जातो. ग्रामीण भागात विरोध अधिक तीव्र होता हे खरे. परंतु राज्याची तीन चतुर्थांशाहून अधिक लोकसंख्या पर्थ महानगरात राहते आणि सार्वमतात मतदान अनिवार्य असते. त्यामुळे केवळ ग्रामीण मतांवर असा निकाल लागणे शक्य नव्हते. पर्थमधील मतेही विभागलेली होती.

सद्यस्थिती

२००९ नंतर या विषयावर सार्वमत झालेले नाही, मात्र मागणी अधूनमधून पुढे येत असते. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या सीमेजवळील यूक्ला व आसपासच्या मोजक्या वस्त्यांमध्ये यूटीसी+०८:४५ ही अनौपचारिक वेळ पाळली जाते. पर्थपेक्षा पाऊण तास पुढे असलेल्या या वेळेला राज्याच्या कायद्याची मान्यता नाही.