दहा साधे प्रश्न

मद्यासक्तीला वैद्यकशास्त्रात रोगाचे नाव मिळाले ते १८४९ साली. स्टॉकहोमचे वैद्य मॅग्नस हुस यांनी दीर्घकाळ दारू पिणाऱ्यांच्या जठरावर, यकृतावर आणि मज्जातंतूंवर होणारे परिणाम ग्रंथरूपाने मांडले. तथापि त्यांच्यापुढे आलेले रोगी बहुधा व्याधीच्या शेवटच्या टोकाशी पोचलेले होते. पुढे शंभराहून अधिक वर्षे वैद्यकाने मद्यप्याला पाहिले ते याच टोकाशी. शरीर खचले, नोकरी गेली, संसार विसकटला, म्हणजे मग रुग्णालयाची वाट!

या टोकाच्या कितीतरी अलीकडे असलेला माणूस मात्र कोणाच्या नजरेस पडत नसे. तो रोज कामावर जाई; जळजळ, निद्रानाश, पायाची जखम अशा तक्रारी घेऊन दवाखान्यात येई आणि औषध घेऊन परत जाई. किती पिता, हे त्याला कोणी विचारीत नसे. तो प्रश्न म्हणजे आरोप, असा डॉक्टरांचाही समज होता. आणि रोग्याला तर त्याची लाजच होती. शिवाय, विचारून कळले तरी उपयोग काय, ही शंका होतीच.

या शंकेला पहिला मोठा धक्का १९७७ साली लंडनमध्ये बसला. ग्रिफिथ एडवर्ड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मद्यासक्त अशा शंभर विवाहित पुरुषांचे दोन गट केले. एका गटाला सर्व प्रकारचे उपचार दिले. दुसऱ्या गटातील प्रत्येकाला पत्नीसमवेत बसवून एकदाच स्पष्ट आणि आपुलकीचा सल्ला दिला. वर्षाअखेरीस दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. थोडक्या शब्दांतही सामर्थ्य असते, असे दिसून आले. मग ते शब्द वेळेवर का बोलू नयेत?

हाच विचार पुढे नेण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने १९८२ साली ऑस्ट्रेलिया, बल्गेरिया, केनिया, मेक्सिको, नॉर्वे आणि अमेरिका या सहा देशांत काम आरंभिले. प्राथमिक उपचार केंद्रांत येणाऱ्या सुमारे १,९०० लोकांच्या माहितीवरून ‘ऑडिट’ या नावाची दहा प्रश्नांची प्रश्नावली सिद्ध झाली. पहिले तीन प्रश्न किती आणि कितीदा पिता याविषयी. पुढचे तीन पिण्यावरचा ताबा सुटला आहे काय याविषयी. आणि शेवटचे चार पश्चात्ताप, विस्मरण, इजा आणि आप्तेष्टांची काळजी यांविषयी. एकूण गुण ४०. आठ किंवा अधिक गुण पडले तर सावध व्हावे. वीस किंवा अधिक पडले तर तज्ज्ञाकडे पाठवावे. रक्त काढावे लागत नाही, यंत्र लागत नाही. पेल्याचे माप मात्र आधी ठरवून घ्यावे लागते, कारण बिअरचा पेला आणि फेणीचा पेला एक नव्हे.

ब्रिटनमध्ये १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाने या विचाराला बळ दिले. सामान्य डॉक्टरांकडे येणाऱ्या ९०९ अतिमद्यपींपैकी ज्यांना सल्ला मिळाला, त्यांच्यात वर्षभरानंतर अतिरेकी पिणे इतरांपेक्षा स्पष्टपणे अधिक घटले होते.

या कथेचे एक महत्त्वाचे प्रकरण गोव्यात घडले. तेथील ‘संगाथ’ या संस्थेने २०१३ ते २०१५ या काळात दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या पुरुषांना हेच दहा प्रश्न विचारले. ज्यांना १२ ते १९ गुण पडले, अशांपैकी ३७७ जण अभ्यासात सहभागी झाले. निम्म्यांना केंद्रातील नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्यांना त्यांच्या जोडीला समुपदेशन मिळाले. समुपदेशक डॉक्टर नव्हते. ते समाजातील सामान्य स्त्री-पुरुष होते आणि या कामापुरते शिक्षण घेऊन तयार झालेले होते. एक ते चार बैठका, एवढाच त्यांचा उपचार. तीन महिन्यांनंतर समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के धोक्याच्या रेषेखाली आले होते, तर इतरांपैकी २६ टक्के. आधीचे चौदा दिवस दारूला न शिवलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ४२ आणि १८ टक्के होते. वर्षानंतरही हा लाभ टिकून होता.

मात्र जे पीतच राहिले, त्यांच्या पिण्याचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच राहिले. आणि पत्नीला होणारी मारहाण समुपदेशनाने कमी झाल्याचेही त्या तीन महिन्यांत दिसले नाही. ज्या घरासाठी हा खटाटोप करावयाचा, त्या घराचे सर्वांत मोठे दुःख दहा प्रश्नांनी मिटत नाही, हे स्मरणात ठेवलेच पाहिजे.

तरीही लाभ थोडा म्हणता येणार नाही. खोकला किती दिवस आहे, हे जितक्या सहजतेने विचारतात, तितक्याच सहजतेने पिण्याविषयी विचारावे, ही शिकवण त्यातून मिळाली. विचारणाऱ्याच्या स्वरात निंदा नसली, म्हणजे उत्तर देणाऱ्यालाही खरे बोलण्याचे धैर्य येते. आणि माणूस पायावर उभा असतानाच ते खरे बोलला, तर सावरण्यास अद्याप अवकाश असतो.