पाण्याचा हिशोब

बऱ्याच दिवसांत इथे लिहिलं नाही. काहींना ठाऊक आहेच, अण्णांचं डायलिसिस सुरू झालंय, आठवड्यातून तीनदा. आता घरात पाणी मोजून. सकाळी एक बाटली भरायची, दिवसभराचं तेवढंच. चहा-आमटीही त्यातच धरायची. लोणचं-पापड बंद. लोक प्रेमाने शहाळं आणतात, पण त्यात पोटॅशियम फार, म्हणून तेही बंद.

धडधाकट किडन्या दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळा परत रक्तात घेतात. मीठ जास्त झालं तर टाकतात, पाणी कमी पडलं तर धरून ठेवतात. पोटॅशियम तर रक्तात अगदी थोडंच चालतं. वाढलं की हृदय बंद पडू शकतं. इतकी वर्षं हा हिशोब आतल्या आत बिनबोभाट चालू होता!

डायलिसिसच्या खोलीबाहेर बसून हे यंत्र कुणी काढलं ते वाचत होते. विलेम कोल्फ, हॉलंडचा तरुण डॉक्टर. १९३८ च्या सुमारास ग्रोनिंगेनला २२ वर्षांचा एक मुलगा किडन्या निकामी होऊन त्याच्या डोळ्यांदेखत गेला. ते त्या मुलाच्या आईला सांगायचं काम कोल्फवर आलं.

१९४० मध्ये जर्मनांनी देश घेतला. कोल्फ काम्पेन या लहान गावी गेला. तिथे त्याने सॉसेजसाठी वापरतात ती सेलोफेनची नळी लाकडी पट्ट्यांच्या पिंपाला गुंडाळली आणि पिंप पाण्यात फिरत ठेवलं. नळीत रक्त, बाहेर पाणी. रक्तातली घाण पाण्यात उतरते. पण साधं पाणी घेतलं तर हवे ते क्षारही निघून जातील. म्हणून पाण्यात मीठ वगैरे मोजून घालायचं. किडनीचा हिशोब असा माणसाच्या हाती आला.

१९४३ पासूनचे पहिले बहुतेक रुग्ण दगावले. तरी तो थांबला नाही. १९४५ मध्ये ६७ वर्षांची एक बाई बेशुद्धीतून जागी झाली आणि पुढे काही वर्षं जगली. नाझींना साथ दिली म्हणून ती कैदेत होती. कोल्फने रुग्ण पाहिला, बाजू नाही.

काल रात्री अण्णांनी आणखी एक घोट मागितला. मी नाही म्हटलं. तहानलेल्याला पाणी नाकारायचं हे आमच्या घरात कुणी शिकवलंच नव्हतं. अण्णाच म्हणाले, "बरोबर आहे तुझं." मला मात्र बराच वेळ झोप आली नाही.

असो. भेटायला जरूर या. शहाळं तेवढं नको.