इलेक्ट्रिक व्हायोलिन कार्बन फायबरचं का घेतात? स्टेजवर वाजवणाऱ्यांचं साधं गणित

लग्नाच्या रील्समध्ये तुम्ही हे वाद्य नक्की पाहिलं असेल. नवरीची एन्ट्री, धूर, लाइट आणि मध्येच काळं, नुसता सांगाडा वाटावा असं व्हायोलिन वाजवणारा एक जण. आमच्या संगमनेरला लग्नाच्या लॉन्सवरही आता असे कलाकार येतात. पाहणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "हे प्लास्टिकचं आहे का?"

काही स्वस्त मॉडेल्स खरंच प्लास्टिकची असतात, तर बरीच चक्क लाकडाची. यामाहाचं सायलेंट व्हायोलिन १९९७ मध्ये आलं, आणि या कंपनीची अनेक इलेक्ट्रिक व्हायोलिन्स आजही लाकडातच बनतात. तरीही सतत प्रवास करून वाजवणारे काही जण मुद्दाम जास्त पैसे देऊन कार्बन फायबरचं घेतात. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, व्हायोलिन मला वाजवता येत नाही. पण माझा एक मित्र लग्नांत आणि ऑर्केस्ट्रात वाजवतो. त्याला नवीन वाद्य घ्यायचं होतं, त्यामुळे हे सगळं खोदून काढावं लागलं.

आधी साधं व्हायोलिन समजून घेऊ. तार एकटी फारच कमी आवाज करते. गजाने तार थरथरते, ती थरथर घोडीतून खालच्या लाकडी पेटीत जाते आणि पेटी हवा हलवते. आपण ऐकतो तो आवाज मुख्यतः पेटीचा. म्हणून वरची फळी स्प्रूसची, म्हणजे थंड प्रदेशातल्या सूचिपर्णी झाडाची, हलकी आणि ताठ. मागची फळी मेपलची. चार तारांचा एकूण ताण वीस-पंचवीस किलो वजनाइतका असतो आणि त्यामुळे घोडी वरच्या फळीवर सुमारे नऊ किलोने दाबते. फळी जेमतेम तीन मिलिमीटर जाड! आणि हे सगळं जोडलेलं असतं सरसाने. सरस मुद्दाम वापरतात, कारण ऊब आणि ओल दिली की तो सुटतो आणि दुरुस्तीसाठी वाद्य उघडता येतं.

आता हेच वाद्य संगमनेरला आणा. आपण पर्जन्यछायेत. एप्रिल-मे मध्ये दुपारची हवा इतकी कोरडी की ओला रुमाल बघता बघता वाळतो. पावसाळ्यात तीच हवा दमट. आणि कार्यक्रम भंडारदऱ्याच्या बाजूला असेल तर दोन तासांत हवामानच बदलतं. लाकूड ओलावा शोषतं आणि सोडतं, तेही सगळ्या दिशांना सारखं नाही. रेषांच्या आडव्या दिशेला ते कितीतरी जास्त फुगतं-आकसतं. परिणाम वाजवणाऱ्यांना पाठ असतात. पावसाळ्यात खुंट्या अडकतात, कोरड्या दिवसांत आपोआप सुटतात, घोडी खाली-वर झाल्यासारखी तारांची उंची बदलते, आणि वाईटात वाईट म्हणजे फळीला रेषेच्या दिशेने चीर जाते. माझ्या मित्राचं व्हायोलिन मे महिन्यात जेवणापुरतं बंद गाडीत राहिलं. बंद गाडी उन्हात साठ अंशांच्या पुढे सहज जाते. कडेचा जोड उघडला. संध्याकाळी रिसेप्शन होतं, ते उसन्या वाद्यावर निभावलं. दुरुस्तीला पुण्याला जावं लागलं आणि सीझनमधल्या पुढच्या दोन तारखा गेल्या. त्याचं घर याच तारखांवर चालतं.

असा त्रास फक्त आपल्याकडच्या कलाकारांना होतो असं नाही. २० जानेवारी २००९, वॉशिंग्टनमध्ये ओबामांचा शपथविधी, थंडी शून्याच्या खाली. चेलोवादक यो-यो मा आणि व्हायोलिनवादक इत्झाक पर्लमन वाजवत होते, पण जगाने स्पीकरवर ऐकलं ते दोन दिवस आधीचं रेकॉर्डिंग. थंडीत वाद्य सुरात राहणार नाही, तारा तुटतील, अशी भीती होती. यो-यो मा यांनी कार्बन फायबरचा चेलो वापरण्याचा विचार केला होता, पण त्याच्या वेगळ्या रूपाकडे लोकांचं लक्ष जाईल म्हणून तो सोडला. असे चेलो बनवण्यामागे बोस्टन सिम्फनीचे चेलोवादक लुइस लेगिया होते. आपल्या कॅटामरान बोटीवर असताना तिचा पोकळ सांगाडा घुमतो, हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यातून त्यांना ही कल्पना सुचली.

कार्बन फायबर म्हणजे नक्की काय? स्वेटरच्या ॲक्रिलिक लोकरीच्याच जातीचा धागा घ्यायचा, पॉलिॲक्रिलोनायट्राइल नावाचा. ऑक्सिजनशिवाय हजार अंशांच्या वर तापवायचा. बाकी सगळं उडून जातं आणि जवळजवळ शुद्ध कार्बनचा तंतू उरतो, केसाच्या साधारण दहाव्या भागाइतका बारीक. या तंतूंचं कापड साच्यात घालून इपॉक्सीने पक्कं करतात. तयार तुकड्याची घनता पोलादाच्या पाचव्या भागाइतकी, ताठपणा मात्र भरपूर. ओलाव्याने त्याचा आकार जवळजवळ बदलत नाही, उष्णतेने तंतूच्या दिशेत प्रसरण शून्याच्या आसपास, आणि सरसाचे जोडच नाहीत.

मग सगळी व्हायोलिन्स याचीच का नाहीत? कारण वजनाच्या मानाने ताठपणा बघितला तर स्प्रूस फार मागे नाही, आणि त्याचा आवाज तीन-चारशे वर्षं घासून-पुसून घडवलेला आहे. घरातल्या मोठ्यांना प्रभाकर जोग यांच्या ‘गाणारं व्हायोलिन’बद्दल विचारा. तो गोडवा लाकडी पेटीचा आणि अर्थात हाताचा. शांत स्टुडिओत माइकसमोर लाकडाला तोड नाही, असंच माझं मत आहे.

इलेक्ट्रिक व्हायोलिनमध्ये मात्र खेळच बदलतो. इथे घोडीत किंवा घोडीखाली पिझो नावाचा छोटा सेन्सर असतो. दाब बदलला की त्यातून वीज निघते, गॅस पेटवायच्या लायटरमध्येही हेच तत्त्व. ही वीज ॲम्प्लिफायरला जाते. म्हणजे पेटीने हवा हलवायची गरजच नाही. उलट ती जितकी कमी हलेल तितकं बरं. पोकळ पेटी स्पीकरचा आवाज पकडते, तो पुन्हा स्पीकरमध्ये जातो आणि ती ओळखीची किंचाळी येते. डीजेच्या भिंतीशेजारी हे रोजचंच. त्यामुळे बॉडीचं काम उरतं एकच: तारांचा ताण सहन करत मान, घोडी आणि खुंट्या यांची जागा जरासुद्धा हलू न देणं. कार्बन फायबरची उणी बाजू, म्हणजे आवाजाचा पोत, इथे फारशी मोजलीच जात नाही. जमेची बाजू, म्हणजे आकार न बदलणं, पूर्ण वापरली जाते.

आपल्या संगीताशी याचं नातंही आहे. मुंबईचे झाकिर हुसेन आणि जॉन मॅकलॉफलिन यांच्या ‘शक्ती’ या ग्रुपमधले एल. शंकर यांनी १९८० च्या सुमारास दहा तारांचं दुहेरी इलेक्ट्रिक व्हायोलिन केन पार्कर या कारागिराकडून बनवून घेतलं. याच पार्कर यांनी पुढे १९९३ मध्ये ‘फ्लाय’ गिटार आणली, पातळ लाकडावर कार्बन आणि काच तंतूंचं कवच चढवलेली.

आता कार्बनने जे सुटत नाही ते सांगतो, कारण दुकानदार सांगणार नाही.

तारा धातूच्याच राहतात. पोलादी तार दहा अंशांनी तापली तर ती लांबते, आणि खालची बॉडी लांबत नसल्यामुळे सूर उतरतो. मी हिशोब केला तर सर्वांत बारीक तारेवर हा फरक दहा-पंधरा सेंट, म्हणजे अर्ध्या सुराचा सातवा-आठवा हिस्सा निघतो. कानाला जाणवेल इतका. म्हणून एसीतून स्टेजच्या लाइटखाली गेलात की पुन्हा ट्यून करावंच लागेल. दुसरं, इपॉक्सीही तापल्यावर मऊ होऊ शकतं, आणि स्वस्त इपॉक्सी तर साठ अंशांच्या आसपासच. म्हणजे गाडीत ठेवायची सूट कार्बनलाही नाही. तिसरं, जोरात आपटलं तर आतले थर सुटू शकतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही. लाकडाची चीर सरसाने जोडणारा कारागीर सापडतो. कार्बनसाठी रेसिंग सायकल किंवा बोटी दुरुस्त करणारा माणूस शोधावा लागतो.

बसून वाजवणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. आपल्याकडे शास्त्रीय वादक व्हायोलिनचं टोक उजव्या पायाच्या घोट्याजवळ टेकवतात. अनेक सांगाडा-मॉडेल्सना टोकाचं ते वळणच नसतं. विकत घेण्याआधी मांडी घालून बसून बघा.

आणि आवाज कर्कश येतो त्याचं काय? तो दोष बहुतेक वेळा बॉडीचा नसतो. पिझोला समोर खूप जास्त रोध लागतो, साधारण दहा लाख ओहम किंवा वर. तो थेट मिक्सरच्या दहा हजार ओहमच्या लाइन इनपुटला लावला की खालचे सूर गळतात आणि उरते ती चिरकी किणकिण. मध्ये प्रीॲम्प असला की खर्जही नीट येतो. ब्रँडेड कार्बन व्हायोलिन आपल्यापर्यंत येईतो लाखाच्या घरात जातं, प्रीॲम्प त्याच्या अगदी थोड्या भागात येतो. मित्राने आधी तोच घेतला, आणि साउंडवाल्याशी होणारी निम्मी भांडणं थांबली.

नकली मालही आहेच. मोबाइलच्या पाठीवर कार्बन डिझाइनची स्किन लावतो ना, तशीच छपाई केलेली व्हायोलिन्स ‘कार्बन’ म्हणून विकली जातात. खरं कार्बन फायबर विजेचं वाहक असतं. बॉडीला कुठे न रंगवलेली कड किंवा छिद्र असेल तर मल्टिमीटरच्या दोन्ही पिना टोचून बघा. वरचं लॅकर वीज अडवतं, म्हणून चकचकीत भागावर ही टेस्ट करू नका.

बजेट अजिबात नसेल तर सुरुवात गजापासून करा. चांगले गज ब्राझीलच्या पर्नाम्बुको लाकडाचे, आणि ते झाड आता धोक्यात आहे. कार्बनचा गज त्यामानाने परवडतो आणि मांडवातली धक्काबुक्की सोसतो. केस मात्र घोड्याचेच. दमट हवेत ते लांबतात, कोरड्या हवेत आखडतात, म्हणून वाजवून झालं की गज सैल करून ठेवायचा, काडी कार्बनची असली तरी.