बेथेल चर्च, जालना
मराठवाड्यातील जालना शहराजवळच्या बेथेल या ख्रिस्ती वसाहतीचे प्रेस्बिटेरियन प्रार्थनामंदिर. वसाहतीचे संस्थापक रेव्ह. नारायण शेषाद्री. ब्राह्मण कुटुंबात जन्मलेल्या शेषाद्रींनी १८४३ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्याच वर्षी स्कॉटलंडमध्ये पाळक नेमण्याच्या जमीनदारांच्या हक्काविरुद्ध मोठा गट राजमान्य चर्चमधून बाहेर पडला व ‘फ्री चर्च’ स्थापन झाले. मुंबईतील स्कॉटिश मिशनऱ्यांनीही त्याला साथ देत आपल्या शाळेची इमारत सोडली. इमारतीपेक्षा मंडळी मोठी, हा त्यामागचा विचार बेथेललाही लागू पडतो. येथे मुख्यतः मांग समाजातील नवख्रिस्ती कुटुंबे वसवली गेली. गावात हक्काची जागा नसलेल्यांना घर, शेत व शाळा मिळाल्यावरच प्रार्थनामंदिराला अर्थ आला.

जमीन हैदराबादचे दिवाण सालारजंग यांच्या कारकिर्दीत निजाम सरकारकडून व पैसा बव्हंशी परदेशातून आला, मग फ्री चर्चच्या परंपरेतील ही मंडळी स्वतंत्र कशी, असा आक्षेप घेता येतो. तो अंशतः खरा आहे. मात्र वसाहतीचे नेतृत्व एतद्देशीय पाळकाकडे होते, हेही तितकेच खरे. म्हणून बेथेलला ब्रिटिश छावण्यांतील गोऱ्या शिपायांसाठी बांधलेल्या चर्चच्या पंक्तीत बसवता येत नाही. शेषाद्री १८९१ मध्ये निवर्तले.