डी-मार्टमध्ये माल स्वस्त, मग डोकं का फिरतं?

पार्किंगला जागा नाही. दारात जुनी पिशवी जमा करून टोकन घ्यायचं. आत ट्रॉलीला ट्रॉली अडकलेली, बिलिंगचे निम्मे काउंटर बंद, आणि पैसे भरून झाल्यावर सुरक्षारक्षक पुन्हा बिल तपासणार. महिन्याच्या पहिल्या रविवारी कुठल्याही मोठ्या डिस्काउंट स्टोअरमध्ये हेच चित्र दिसतं. पण हा सगळा वैताग केवळ ढिसाळ कारभारामुळे होतो असं नाही. त्यातला बराचसा स्वस्ताईच्या गणितातूनच येतो.

राधाकिशन दमानी यांनी २००२ मध्ये मुंबईत पवईला पहिलं डी-मार्ट सुरू केलं. आज देशात त्याची ४०० हून अधिक दुकानं आहेत. त्यांची पद्धत ठरलेली आहे. जागा शक्यतो विकत घ्यायची म्हणजे भाडं वाचतं, सजावटीवर फार खर्च करायचा नाही, पुरवठादारांचे पैसे लवकर चुकते करून माल कमी भावात मिळवायचा. उरलेली बचत ग्राहकाच्या श्रमातून होते. यादी घेणं, माल काढून देणं, पिशवीत भरणं, घरी पोचवणं ही वाण्याच्या दुकानात नोकराची कामं असतात. इथे ती तुम्ही करता. म्हणजे मिळणारी सूट काही प्रमाणात तुमचीच मजुरी असते!

रांगेचंही तेच. पगार झाल्यावरच्या रविवारी पुरतील इतकी माणसं महिनाभर नेमली, तर मंगळवारी दुपारी ती रिकामी बसतील आणि त्यांचा पगार भावात चढेल. ‘एका बिलावर दोनच पाकिटं’ अशी पाटी पाहून अनेकांचा संताप होतो. पण अशी मर्यादा नसेल, तर आसपासचे छोटे दुकानदारच सगळा माल उचलून नेतील.

खरी गंमत आहे ती सुटीच्या आकड्यात. सूट मोजली जाते एमआरपीपासून, आणि एमआरपी ठरवतो उत्पादक. त्यामुळे ‘४० टक्के सूट’ यावरून वस्तू स्वस्त आहे की नाही हे कळत नाही. त्यासाठी किलोचा भाव पाहावा लागतो. ५०० ग्रॅम पावडर ८५ रुपयांना असेल तर किलोला १७० रुपये पडतात. तीच ८५० ग्रॅम १५३ रुपयांना असेल तर १८०. मोठं पाकीट नेहमीच स्वस्त पडतं, हा समज इथे मार खातो.

पूर्वी चहा, बिस्किटं, पीठ, खाद्यतेल अशा वस्तू ठरावीक वजनातच विकाव्या लागत. पॅकबंद वस्तूंच्या नियमांत २०२१ मध्ये दुरुस्ती झाली आणि ते बंधन गेलं. त्याऐवजी पाकिटावर एकक दर छापणं आलं. पण पाकीट किलोपेक्षा लहान असेल तर हा दर ग्रॅमला दिलेला असतो आणि मोठं असेल तर किलोला. शिवाय तो एमआरपीवर काढलेला असतो, दुकानाच्या सवलतीच्या भावावर नाही. त्यामुळे मोबाइलमधला कॅल्क्युलेटर काढावाच लागतो. तेल घेताना तर जास्तच जपावं. एक लिटर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं, त्यामुळे ८५० ग्रॅमची पिशवी म्हणजे लिटर नव्हे.

काही त्रास मात्र निमूटपणे सोसण्याचं कारण नाही. बिलाच्या वेळी अचानक कॅरीबॅगचे पैसे लावले जातात, त्याबद्दल राष्ट्रीय ग्राहक आयोगाने डिसेंबर २०२० मध्ये बिग बझारच्या प्रकरणात निकाल दिला. आधी स्पष्ट कल्पना न देता काउंटरवर असे पैसे घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असं आयोगाने म्हटलं. काउंटरवर मोबाइल नंबर मागतात, तोही देण्याची सक्ती नाही. नंबरसाठी ग्राहकाला अडवू नका, असं केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्ये दुकानदारांना बजावलं होतं.

‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटीही सदोष वस्तूला लागू होत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार बिलावर मुदत दिली असेल तर त्या मुदतीत, आणि दिली नसेल तर ३० दिवसांत, दुकानाने सदोष वस्तू परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं अनुचित व्यापारी प्रथा ठरते. त्यासाठी बिल मात्र जपून ठेवावं लागतं. अशी बिलं बऱ्याचदा उष्णतेवर छापलेली असतात आणि काही आठवड्यांत अक्षरं उडतात, तेव्हा घरी आल्यावर फोटो काढून ठेवलेला बरा.

रॅकवर लावलेला भाव आणि बिलातला भाव वेगळा निघाला, तर काउंटर सोडण्याआधीच दाखवून द्यावा. तिथे दाद लागली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते.