दुष्काळातील प्रार्थना : पंडिता रमाबाई आणि केडगावचे मुक्तिसदन

संकटकाळी देवाकडे आरोग्य, न्याय आणि विसावा मागावा ही ख्रिस्ती उपासनेतील परंपरा फार जुनी आहे. तथापि या तिन्ही मागण्या एकाच स्त्रीच्या आयुष्यात, एकाच प्रदेशात आणि अवघ्या दहा वर्षांच्या अवधीत एकत्र आल्याचे उदाहरण पाहावयाचे असेल, तर पुणे जिल्ह्यातील केडगावकडे वळावे लागते. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांच्या चरित्रकारांनी त्यांच्या प्रार्थनाशीलतेचे वर्णन भक्तिभावाने केले आहे, तर टीकाकारांनी तीत धर्मांतराचे साधन पाहिले आहे. ही प्रार्थना प्रत्यक्षात कोणत्या कामाशी जोडलेली होती, या प्रश्नाकडे मात्र दोघांचेही काहीसे दुर्लक्षच झाले.

या प्रश्नाचा उगम केडगावात नाही. तो १८७४ ते १८७७ च्या सुमारास मद्रास इलाख्यात पडलेल्या दुष्काळात आहे. अनंतशास्त्री डोंगरे यांचे कुटुंब पुराणे सांगत तीर्थयात्रा करणारे होते. दुष्काळाने दक्षिणा आटली, तेव्हा या कुटुंबाने व्रते, उपवास, पारायणे व दाने यांचा आश्रय केला आणि उरलेसुरले द्रव्यही त्यातच संपविले. अन्न मिळेना, तेव्हा वृद्ध शास्त्रीबोवांनी जलसमाधीचा विचार केला. त्या वेळी जातीचा अभिमान टाकून मजुरी करण्याची तयारी मुलाने दाखविली, ही हकीकत रमाबाईंनी पुढे १८९७ साली आपल्या दुष्काळाच्या अनुभवांत लिहिली. वडील, आई व थोरली बहीण अशी तिघेही त्या आपत्तीत गेली. या हकीकतीतील खरी वेदना प्रार्थना निष्फळ झाली एवढ्यापुरती नाही. प्रार्थना करणाऱ्या विद्वान कुटुंबाला हाताने काम करण्याची लाज वाटत होती, पोट भरण्याचा एखादा धंदा मुलांना कोणी शिकविला नव्हता, हे त्यांना अधिक बोचत होते. केडगावच्या आश्रमाची सारी रचना या एका बोचणीतून उलगडते असे म्हणावयास हरकत नाही.

मध्यंतरीचा इतिहास सुपरिचित आहे. १८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा, १८८९ साली मुंबईत शारदासदनाची स्थापना आणि पुढील वर्षी त्याचे पुण्यास स्थलांतर. यातील एकच प्रसंग येथे महत्त्वाचा आहे. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत, त्या वेळी दार उघडे असे आणि इच्छा असलेल्या मुली आत येऊन बसत. हे उघडे दारच १८९३ च्या वादाचे मूळ ठरले. रानडे, भांडारकर प्रभृती सल्लागारांनी संस्थेशी संबंध सोडला व पालकांनी कित्येक मुली काढून नेल्या. सल्लागारांचा आक्षेप निराधार नव्हता, कारण संस्था धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील या विश्वासावर लोकांनी मुली पाठविल्या होत्या. पण आपल्याच घरात दार लावून देवाचे नाव घ्यावे ही अट रमाबाईंना मान्य होणे शक्य नव्हते. हा पेच दोन्ही बाजूंच्या प्रामाणिकपणातून निर्माण झालेला होता.

१८९६–९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा रमाबाई स्वतः तेथे गेल्या. सरकारी अन्नछत्रे व अनाथगृहे त्यांनी पाहिली, तेथील तरुण मुलींची असुरक्षितता पाहिली आणि सुमारे तीनशे मुली व स्त्रिया त्यांनी आपल्याकडे आणल्या. याच सुमारास पुण्यात प्लेगाने थैमान घातले होते. नव्या मुलींना शहरात ठेवण्यास मनाई झाल्यामुळे, फळबागेसाठी घेतलेल्या केडगावच्या जमिनीवर झोपड्या उभ्या राहिल्या. मुक्तिसदनाचा जन्म हा असा निकडीतून झाला.

न्यायाची मागणी याच वर्षी पुढे आली, आणि ती केवळ गुडघे टेकून केलेली नव्हती. मे १८९७ मध्ये रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’ या ख्रिस्ती पत्रात लिहिले की, प्लेगच्या इस्पितळांत व विलगीकरणाच्या छावण्यांत तरुण मुलींच्या अब्रूचे रक्षण होत नाही. आपल्याच आश्रमातील एका मुलीचा दाखलाही त्यांनी दिला. पत्राचा गाजावाजा थेट विलायतेच्या पार्लमेंटापर्यंत झाला. सरकारने आरोप फेटाळले. राज्यकर्त्यांचा धर्म स्वीकारलेली स्त्री राज्यकर्त्यांच्याच कारभारावर जाहीर आरोप करते, ही गोष्ट १८९७ च्या पुण्यात क्षुल्लक नव्हती. चारच वर्षांपूर्वी त्यांच्यावर तुटून पडलेल्या वृत्तपत्रांचीही प्लेगच्या अंमलबजावणीबाबत तीच तक्रार होती, हा योगायोगही लक्षात ठेवण्याजोगा आहे. देवापुढील गाऱ्हाणे आणि सरकारपुढील गाऱ्हाणे यांत रमाबाईंनी भेद केला नाही.

१८९९–१९०० च्या गुजरात व राजपुतान्यातील दुष्काळानंतर केडगावची वस्ती दोन हजारांच्या जवळपास गेली. एवढ्या माणसांना पाणी व धान्य पुरविणे हीच रोजची प्रार्थना होती, आणि विहिरी खणणे हेही रोजचेच काम. गोठा, माग, तेलाचा घाणा, शेती, छापखाना हे सारे स्त्रियांच्या हाती होते. आंधळ्या स्त्रियांसाठी बार्तीमीसदन होते. समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन. शिणल्याभागल्यांना विसावा देण्याचे शुभवर्तमानातील वचन रमाबाईंनी विश्रांती या अर्थाने क्वचितच घेतलेले दिसते. ज्या मुलीला कोणी विकू शकत नाही आणि जिला हाताला काम आहे, तिला विसावा मिळाला, असा त्यांचा व्यवहारातला अर्थ होता.

१९०५ चे ‘जागृती’पर्व या पार्श्वभूमीवर वाचले पाहिजे. जानेवारीत सत्तरेक जणींची नित्य प्रार्थनासभा सुरू झाली आणि जूनच्या अखेरीस ती अनावर रडण्यात व एकाच वेळी मोठ्याने केलेल्या प्रार्थनांत परिणत झाली. वेल्समधील व खासी टेकड्यांतील तत्सम घटनांच्या वार्ता केडगावात पोचल्या होत्या हे खरे. म्हणून तिला निव्वळ अनुकरण ठरविणे उतावीळपणाचे होईल. या मुलींपैकी अनेकींनी पाचसहा वर्षांपूर्वी आईबाप डोळ्यांदेखत मरताना पाहिले होते आणि त्या शोकाला वाट देणारा कोणताही विधी त्यांच्या वाट्यास आला नव्हता. वाँटेजच्या मठातील शिस्तबद्ध, छापील प्रार्थनेत तो शोक मावला नसता. रमाबाईंनी या आक्रोशास आवर घातला नाही. शिस्तीची विलक्षण आवड असलेल्या या बाईंच्या स्वभावाचा विचार करता ही गोष्ट अधिकच बोलकी वाटते.

अन्न देणाऱ्याच्या धर्माची प्रार्थना भुकेल्या मुलीने स्वीकारावी, यात निवड किती आणि उपकाराचे ओझे किती, हा आक्षेप एवढ्याने मिटत नाही. केडगावचे वृत्तान्त बहुतांशी इंग्रजीत, परदेशी देणगीदारांसाठी लिहिलेले आहेत, आणि मुलींचे शब्द त्यांतून गाळून येतात. एक पुरावा मात्र मराठीत आहे. प्रचलित बायबलाची संस्कृतप्रचुर भाषा या स्त्रियांना कळत नाही, असे वाटून रमाबाईंनी उतारवयात हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलाचे सोपे भाषांतर केले. खिळे जुळविण्याचे व छपाईचे काम आश्रमातल्याच स्त्रियांनी केले. १९२१ मध्ये कन्या मनोरमा व १९२२ मध्ये स्वतः रमाबाई वारल्या. संपूर्ण ग्रंथ त्यानंतर, १९२४ साली, प्रसिद्ध झाला.